जपानमध्ये मास्टर्स किंवा पीएचडी करायची आहे? आधी प्राध्यापक शोधा

परदेशी शिक्षणाची आपल्याकडे एक ठरलेली पद्धत आहे. रँकिंग काढायचं, आठ-दहा विद्यापीठं निवडायची, सगळीकडे फॉर्म भरायचे आणि कुठून बोलावणं येतंय याची वाट बघायची. अमेरिकेला, ब्रिटनला हे चालून जातं. जपानसाठी याच क्रमाने गेलात तर पैसे आणि वर्ष दोन्ही वाया जाऊ शकतात. तिथला पदव्युत्तर विद्यार्थी आधी एका प्राध्यापकाच्या लॅबचा असतो, मग विभागाचा आणि सगळ्यात शेवटी विद्यापीठाचा. इंजिनिअरिंग आणि विज्ञानात तर हे उघडच दिसतं, पण इतिहास-अर्थशास्त्रातही मार्गदर्शक आणि त्याचा 'झेमी', म्हणजे दर आठवड्याला बसणारा चर्चागट, हाच तुमचा तिथला पत्ता असतो. त्यामुळे टोकियो की क्योटो हे नंतर ठरवा. कोणाच्या हाताखाली काम करायचं, हे आधी.

हाताशी साधारण दीड वर्ष आहे असं धरून पुढचं लिहिलंय. वेळ कमी असेल तर पायऱ्या त्याच राहतात, फक्त झोप कमी होते.

आत जायच्या वाटा

पहिली वाट म्हणजे जपानी मुलं देतात तीच प्रवेश परीक्षा, 'इन्शी'. पुढच्या एप्रिलच्या प्रवेशासाठी ती बऱ्याच ठिकाणी ऑगस्टच्या सुमारास होते आणि दुसरी फेरी जानेवारी-फेब्रुवारीत. लेखी पेपर, मग मुलाखत, बहुतेकदा जपानीतून आणि तिथे हजर राहून. भारतात बसून थेट या वाटेने जाणारे विरळाच.

दुसरी वाट पूर्ण इंग्रजी अभ्यासक्रमांची. २००९ मध्ये जपान सरकारने 'ग्लोबल ३०' योजनेत १३ विद्यापीठं निवडली आणि तिथपासून असे अभ्यासक्रम वाढत गेले. अर्ज ऑनलाइन, परीक्षेऐवजी कागदपत्रं आणि व्हिडिओ मुलाखत, सत्र बहुधा सप्टेंबर किंवा ऑक्टोबरमध्ये सुरू. जपानी येत नसेल तर आपल्या लोकांसाठी ही सगळ्यात सरळ वाट. ओकिनावातली ओआयएसटी ही संस्था तर फक्त पीएचडीच देते, सगळा कारभार इंग्रजीत आणि प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाला आर्थिक मदत. मात्र तिथे स्पर्धाही तशीच आहे.

तिसरी वाट 'केन्क्यूसेई', म्हणजे संशोधन विद्यार्थी म्हणून जाण्याची. आपल्याकडे याला नेमका जोड नाही. तुम्ही सहा महिने ते वर्षभर लॅबमध्ये बसता, बैठकींना जाता, जपानी शिकता आणि दरम्यान इन्शीची तयारी करता. पदवी मिळत नाही आणि पुढच्या प्रवेशाची हमीही नाही. हे वाक्य घरी आई-वडिलांना आधीच सांगून ठेवा, कारण 'वर्ष झालं तरी अजून ॲडमिशन नाही?' हा फोन येतोच. यासाठी प्राध्यापकाची लेखी संमती जवळजवळ अनिवार्य असते.

चौथी वाट म्हणून लोक जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीचं नाव घेतात. खरं तर ती वाट नव्हे, वाटखर्ची आहे. प्रवेश वरच्या तीनपैकी एका वाटेनेच होतो. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

पात्रता: तीन वर्षांच्या पदवीचा घोळ

जपानमध्ये मास्टर्सला बसायला परंपरेने १६ वर्षांचं शिक्षण लागतं. बी.ई., बी.टेक. किंवा चार वर्षांची बी.फार्म. असेल तर १२ अधिक ४, प्रश्न मिटला. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. तीन वर्षांची असेल तर आकडा १५ वरच थांबतो आणि इथे बरेच जण घाबरून अर्जच करत नाहीत. २०१६ मध्ये जपानने हा नियम सैल केला. परदेशातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून किमान तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून मिळालेली बॅचलर पदवी आता चालू शकते. पण 'चालू शकते' आणि 'आमच्याकडे चालते' यांत फरक आहे. प्रत्येक विभाग स्वतः तपासतो आणि काही ठिकाणी अर्जाच्या आधी पात्रतेची वेगळी छाननी असते, तिची मुदत मुख्य अर्जाच्या महिना-दोन महिने आधी संपते. म्हणून पदवी तीन वर्षांची असेल तर पहिला ईमेल प्राध्यापकाला नको, विभागाच्या प्रवेश कार्यालयाला पाठवा आणि विद्यापीठाची नॅक मान्यता त्यात नमूद करा. एम.ए., एम.एस्सी. झालेल्यांना मास्टर्ससाठी ही अडचण येत नाही.

मास्टर्स दोन वर्षांचं, त्यानंतरची पीएचडी तीन वर्षांची. वैद्यकातली पीएचडी चार वर्षांची असते.

प्राध्यापक कसा शोधायचा

विद्यापीठाच्या वेबसाइटवर नावांची यादी मिळते, पण ती वाचून काही कळत नाही. 'काकेन' नावाचा सरकारी डेटाबेस उघडा. जपानमध्ये कोणत्या संशोधकाला कोणत्या विषयासाठी सरकारी निधी मिळाला, किती आणि कधीपर्यंत, हे त्यात इंग्रजीतही दिसतं. तुमच्या विषयाचा शब्द टाकून चालू प्रकल्प पाहिले की ज्यांच्याकडे आत्ता काम सुरू आहे, अशी माणसं पुढे येतात. मग 'रिसर्चमॅप' या संशोधकांच्या माहितीच्या साइटवर त्यांचे शोधनिबंध पाहा आणि लॅबचं स्वतःचं पान उघडा. तिथे सध्याच्या विद्यार्थ्यांत परदेशी नावं आहेत का? गेल्या दोन-तीन वर्षांतले निबंध इंग्रजीत आहेत का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर इंग्रजीच्या जोरावर तिथे दिवस काढणं जड जाईल.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. प्राध्यापकाचं वय पाहा. राष्ट्रीय विद्यापीठांत निवृत्ती साधारण ६५ ला असते. पीएचडी संपायच्या आत ज्यांची निवृत्ती आहे, ते नवा विद्यार्थी घेत नाहीत, आणि हे नाकारण्याचं पत्र फार मोघम असतं. आपल्याला वाटतं आपण कमी पडलो.

थेट लिहिण्याआधी विभागाचे नियम वाचा. क्योटो विद्यापीठात अनेक विभागांसाठी परदेशी अर्जदाराने आधी 'एएओ' या कार्यालयाकडे नोंद करून कागद तपासून घ्यायचे असतात आणि त्यांनी पुढे पाठवल्यावरच प्राध्यापकाशी बोलायचं असतं. तिथे परस्पर ईमेल केलात तर उत्तर येत नाही, किंवा 'एएओमार्फत या' एवढंच येतं.

तो पहिला ईमेल

आपल्याकडून जाणारा नमुना ईमेल जगभर ओळखला जातो. 'रिस्पेक्टेड सर, युवर एस्टीम्ड युनिव्हर्सिटी', मग लहानपणापासून विज्ञानाची आवड, शेवटी सोबत सीव्ही. नाव बदललं की तोच ईमेल कुणालाही चालतो, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं.

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही कोल्हापूरचे सिव्हिल इंजिनिअर आहात आणि दरडींवर काम करायचं आहे. जुलै २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातलं माळीण आणि जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, दोन्ही गावं मुसळधार पावसात डोंगर खाली आल्याने गाडली गेली. जपानमध्ये दरडी हा रोजचा विषय आहे. क्योटो विद्यापीठाच्या आपत्ती प्रतिबंध संशोधन संस्थेत, म्हणजे उजीच्या आवारात, त्यावर कित्येक वर्षं काम चालू आहे. तिथे आधी एएओची पायरी लागते का ते पाहून घ्या, मग ईमेल. त्याच्या विषयाच्या ओळीत आवडीचं वर्णन नको. 'मास्टर्स प्रवेशाबाबत, एप्रिल २०२८: सह्याद्रीतील पावसाने होणारी भूस्खलनं' एवढं पुरे.

पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण, कुठून, कोणती पदवी, कधी पूर्ण. पुढच्या तीन-चार ओळींत त्यांचा एक शोधनिबंध, त्यातली एक नेमकी गोष्ट आणि ती तुमच्या प्रश्नाला कुठे भिडते ते. उदाहरणार्थ: त्यांनी पावसाची तीव्रता आणि उताराच्या मातीतलं पाणी यांचा संबंध मांडलाय. तुमच्याकडे बेसॉल्टवर जांभ्या मातीचा थर आहे, तिथे तोच संबंध लागू पडतो का, हे तुम्हाला तपासायचंय. मग कोणत्या वाटेने आणि कोणत्या सत्रासाठी येणार, पैशाची सोय काय, मेक्स्टला अर्ज करणार की स्वखर्चाने. शेवटी सरळ प्रश्न: त्या सत्रात तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का? सोबत एक पानी सीव्ही, गुणपत्रक आणि दोन पानांचा संशोधन आराखडा, सगळं पीडीएफमध्ये. संपूर्ण ईमेल मोबाइलच्या दोन पडद्यांत मावला पाहिजे. संबोधन 'प्रोफेसर' आणि आडनाव. जपानीत लिहिणार असाल तर आडनावापुढे 'सेन्सेई', आणि तिथे नावाआधी आडनाव येतं हे लक्षात ठेवा, नाहीतर पाळण्यातल्या नावाने हाक मारून बसाल.

एकाच विभागातल्या दोन प्राध्यापकांना एकाच वेळी लिहू नका. ते शेजारच्या खोल्यांत बसतात. एकाला लिहा, दोन आठवडे थांबा, एकदा आठवण करा, तरी शांतता असेल तर पुढच्याकडे वळा. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, ऑगस्टच्या मध्यावर ओबोन हा पितरांचा सण आणि २९ डिसेंबर ते ३ जानेवारी या सुट्ट्यांच्या काळात उत्तराची अपेक्षा धरू नका, कार्यालयंही बंद असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते प्रबंध आणि परीक्षांत बुडालेले असतात.

संशोधन आराखडा

'पश्चिम घाटातील भूस्खलनाचा अभ्यास' हा आराखडा होत नाही, तो खात्याचा विषय झाला. एक प्रश्न घ्या, जो दोन वर्षांत सुटू शकेल. कोणता भाग, कोणती माहिती, ती कुठून मिळणार, कोणत्या पद्धतीने तपासणार, आणि हे जपानमध्येच का. शेवटच्या प्रश्नाला 'जपान तंत्रज्ञानात पुढे आहे' हे उत्तर सगळेच देतात. 'या लॅबकडे उतारावर कृत्रिम पाऊस पाडून बघायची सोय आहे आणि माझ्याकडे पर्जन्यमापकांच्या नोंदी आहेत' हे उत्तर फक्त तुमचं असतं. तशी सोय खरंच आहे का, हे लॅबच्या पानावर पाहूनच लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येईल.

आराखडा बदलणार हे प्राध्यापकाला माहीत असतं. त्याला बघायचं असतं ते तुम्हाला प्रश्न विचारता येतो का.

मेक्स्ट: दोन प्रकार, दोन कॅलेंडरं

जपानच्या शिक्षण मंत्रालयाची ही शिष्यवृत्ती. फी माफ, येण्या-जाण्याचं विमान तिकीट, आणि महिन्याला केन्क्यूसेईला १,४३,०००, मास्टर्सला १,४४,०००, पीएचडीला १,४५,००० येन. काही शहरांत दोन-तीन हजार येन जास्त. ज्या वर्षी जायचं त्या वर्षीच्या एप्रिलच्या सुरुवातीला वय ३५ च्या आत हवं आणि विषय आधीच्या शिक्षणाशी जुळणारा हवा.

दूतावासामार्फतच्या प्रकाराची जाहिरात भारतातल्या जपानी दूतावासाच्या वेबसाइटवर साधारण एप्रिलमध्ये येते आणि मुदत थोडीच असते. कागदपत्रांची छाननी, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत. पहिल्या फेरीत निवड झाली की हातात काही आठवडेच उरतात आणि तेवढ्यात विद्यापीठांकडून तात्पुरत्या स्वीकृतीचं पत्र मिळवायचं असतं. प्राध्यापकाशी आधीच ओळख असलेल्यांचं हे काम दोन ईमेलमध्ये होतं. बाकीचे ऑगस्टभर अनोळखी लोकांना विनवत बसतात. अंतिम निकाल पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला. म्हणजे एप्रिल २०२८ ला जायचं तर एप्रिल २०२७ ला अर्ज तयार हवा आणि प्राध्यापकाशी बोलणं त्याच्याही आधी.

विद्यापीठामार्फतचा प्रकार वेगळा. इथे तुमचं नाव विद्यापीठ मंत्रालयाला पाठवतं, मुदती बहुधा हिवाळ्यात असतात आणि एका वेळी एकाच विद्यापीठातून अर्ज करता येतो. यात गुणांची एक भिंत आहे: मंत्रालयाच्या पद्धतीने मोजलेली सरासरी ३ पैकी किमान २.३ हवी. टक्क्यांच्या तक्त्यात ८० च्या वर ३, सत्तरीत २ आणि ६० ते ६९ ला फक्त १ धरतात. आपल्याकडचा 'फर्स्ट क्लास' तिथे एकावर येऊन बसतो, हे वाचून अनेकांचा चेहरा उतरतो. तुमच्या विद्यापीठाची श्रेणीपद्धत गुणपत्रकाच्या मागे छापलेली असेल तर तो मागचा भागही स्कॅन करून जोडा आणि रूपांतर कसं करतात ते प्रवेश कार्यालयाला विचारा. श्रेणींवरून मोजलं तर बऱ्याचदा चित्र बरं निघतं.

कागद: नावापासून सुरुवात

महाराष्ट्रातल्या गुणपत्रकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि खाली आईचं वेगळं. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव स्वतंत्र. जपानी कार्यालयातल्या माणसासमोर ही दोन कागदं ठेवली की त्याला दोन वेगळी माणसं दिसतात. नियम एकच: प्रत्येक फॉर्मवर नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षर न अक्षर. गुणपत्रकावरचा क्रम वेगळा असेल तर कॉलेजच्या लेटरहेडवर 'ही एकच व्यक्ती आहे' असं चार ओळींचं पत्र घ्या. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद इंग्रजी भाषांतरासह लागेल. हे काम आठवड्यांचं आहे, आधी काढा.

ट्रान्सक्रिप्ट एकाऐवजी चार-पाच सीलबंद प्रती मागा. शेवटच्या वर्षाला असाल तर पदवी कधी पूर्ण होईल याचं कॉलेजचं पत्र लागतं. आपले निकाल लांबतात आणि पदवीदान त्याहून लांबतं, म्हणून ऑक्टोबरच्या सत्राला जाणाऱ्यांनी तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्राच्या मागे आतापासून लागावं. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना कॉलेजचा अधिकृत ईमेल आयडी आहे का ते विचारून घ्या. अनेकांचा असतो पण पासवर्ड क्लार्ककडे असतो.

इंग्रजीसाठी टोफेल किंवा आयेल्ट्स, काही ठिकाणी टोइकही. घरून दिलेली टोफेल सगळीकडे चालत नाही, माहितीपत्रक वाचा. जपानी भाषेची जेएलपीटी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, आपल्याकडे मुंबई आणि पुण्यात केंद्रं आहेत. तिच्या पातळ्या एन-५ (सोपी) ते एन-१ (अवघड). जपानी माध्यमातल्या अभ्यासक्रमांना सहसा एन-२ किंवा वर लागतं. इंग्रजी अभ्यासक्रमांना लागत नाही, पण लॅबमधलं मशीन बिघडल्यावर आणि दुपारच्या जेवणाला जी भाषा चालते ती जपानीच. एन-४ इतकं येत असेल तर माणसं तुमच्याशी बोलू लागतात.

आता मुदत. जपानी माहितीपत्रकात बहुतेक वेळा त्या तारखेला अर्ज पोहोचलेला असावा लागतो, पोस्टात टाकलेला नव्हे. ऑनलाइन असेल तर वेळ जपानची. ते आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहेत, म्हणजे त्यांचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपले दुपारचे दीड. जेवून मग भरू म्हणालात तर संपलं.

पैसे

राष्ट्रीय विद्यापीठांचा प्रमाण दर असा आहे: अर्ज शुल्क ३०,०००, प्रवेश शुल्क २,८२,००० आणि वर्षाची फी ५,३५,८०० येन. येन साठ पैशांच्या आसपास धरला तर पहिलं वर्ष साधारण पाच लाख रुपये, राहणं-खाणं वेगळं. काही विद्यापीठांनी फी वाढवली आहे किंवा वाढ जाहीर केली आहे, तेव्हा त्या वर्षीचंच पान पाहा. केन्क्यूसेईला अर्ज ९,८००, प्रवेश ८४,६०० आणि महिना २९,७०० येन. खासगी विद्यापीठं याहून महाग. पूर्ण किंवा अर्धी फी माफीची सोय बऱ्याच ठिकाणी असते, तिचा अर्ज वेगळा आणि लवकर असतो. जासो या जपानच्या विद्यार्थी सहाय्य संस्थेची महिना ४८,००० येनची मदतही आहे, ती विद्यापीठामार्फतच मिळते.

पार्ट-टाइम कामाला परवानगी काढली की आठवड्याला २८ तासांची मर्यादा, मोठ्या सुट्टीत दिवसाला आठ तास. 'तिथे जाऊन कमावून फी भरेल' असं सांगणारा एजंट भेटला तर नमस्कार करून उठा. लॅब दिवसभर घेते, आणि या वाटेत एजंटाचं तसंही काही काम नाही.

प्रवेश मिळाल्यावर

स्वखर्चाने जाणाऱ्यांसाठी विद्यापीठ तिथल्या इमिग्रेशनकडे 'सीओई', म्हणजे व्हिसाआधी लागणाऱ्या पात्रता प्रमाणपत्रासाठी अर्ज करतं. पालकांचं बँक स्टेटमेंट आणि उत्पन्नाचा पुरावा इथे लागतो, आणि खात्यात आदल्या दिवशी अचानक आलेली मोठी रक्कम शंका निर्माण करते. महिना ते तीन महिने लागतात, हल्ली तो ईमेलवरही मिळतो, आणि मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये उतरायचं असतं. तो दाखवून स्टुडंट व्हिसा काढायचा.

राहण्यासाठी पहिलं वर्ष विद्यापीठाचं वसतिगृह मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. बाहेर घर घेताना डिपॉझिट, घरमालकाला परत न मिळणारी 'रेइकिन', एजंटाची फी आणि जामीनदार, असा पहिल्या महिन्याचा खर्च भाड्याच्या चार-पाच पट जातो.

मोठ्या विमानतळांवर उतरल्यावर लगेच रेसिडन्स कार्ड मिळतं. तिथेच पार्ट-टाइमच्या परवानगीचा फॉर्मही भरून द्या, नंतरचा हेलपाटा वाचतो. घर ठरल्यापासून १४ दिवसांत नगरपालिका कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा आणि त्याच खिडक्यांवर राष्ट्रीय आरोग्य विमा काढायचा, ज्यात दवाखान्याच्या बिलातले ३० टक्के तुमचे. वीस वर्षांपुढच्या सगळ्यांना राष्ट्रीय पेन्शन योजनेतही नाव घालावं लागतं. पदवीसाठी शिकणाऱ्यांना, म्हणजे मास्टर्स-पीएचडीवाल्यांनाही, हप्ता पुढे ढकलण्याचा अर्ज करता येतो, तो त्याच दिवशी भरा, नाहीतर काही आठवड्यांनी घरी हप्त्यांच्या पावत्यांचं जाडजूड पाकीट येतं.